मेंदूपर्यंतच्या वाटा : प्रस्तावना

२०२१ च्या जूनमध्ये महाबळेश्वरच्या वटवाघळांची बातमी सातारा जिल्ह्यात घरोघर पोचली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने आदल्या वर्षी, मार्च २०२० मध्ये, महाबळेश्वरच्या एका गुहेतली वटवाघळे पकडून त्यांचे नमुने तपासले होते. गुहेत राहणारे फळखाऊ रूसेटस वटवाघूळ आणि किडे टिपणारी इवलीशी पिपिस्ट्रेल पाकोळी, अशा दोन जातींत निपा विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. करोनाची दुसरी लाट जेमतेम ओसरत होती. साहजिकच लोकांच्या मनात आले ते प्रश्न भीतीचे होते : फळे खावीत का, गुहेकडे फिरकावे का, घराच्या वळचणीला लटकणाऱ्या पाकोळ्यांचे काय करावे. एक प्रश्न त्या गदारोळात राहून गेला. अंगात निपाची प्रतिपिंडे बाळगणारी ही वटवाघळे स्वतः धडधाकट कशी होती?

कारण माणसाच्या बाबतीत याच विषाणूचा इतिहास भयंकर आहे. मलेशियात १९९८-९९ मध्ये डुक्करपालकांच्या वस्त्यांत त्याने २६५ जणांना मेंदूज्वर दिला. त्यांतले १०५ दगावले. डॉक्टरांना सुरुवातीला तो जपानी मेंदूज्वर वाटला, म्हणून डासांवर फवारण्या झाल्या आणि डुकरांना लशी टोचल्या गेल्या. साथ हटेना. शेवटी रोगी माणसाच्या पाठीच्या पाण्यातून नवाच विषाणू हाती लागला आणि दहा लाखांवर डुकरे मारावी लागली. आपल्याकडे २००१ मध्ये सिलीगुडीत ६६ जण आजारी पडले आणि ४५ गेले. २०१८ मध्ये केरळात कोळीकोड आणि मलप्पुरम जिल्ह्यांत तो पुन्हा उगवला. वटवाघळात बिनबोभाट नांदणारा विषाणू डुकराला खोकला आणतो आणि माणसाला काही दिवसांत बेशुद्ध करतो. विषाणू तोच असताना इतका फरक का पडावा, हे शोधायचे तर गुहेतून बाहेर पडून प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यापाशी जावे लागते.

विषाणूजन्य मेंदूज्वर प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या मेंदूत आणि शरीरात काय घडवतो, हा या पुस्तकाचा विषय. तो रूक्ष वाटेल, क्वचित अंगावरही येईल. त्यातून मला सांगायचे आहे ते थोडक्यात असे : मेंदूज्वर हा विषाणू आणि शरीर या दोघांमधला मामला आहे. विषाणू कोणत्या वाटेने शिरला, किती शिरला, यजमानाचे वय काय आणि जात कोणती, यावर त्याचा निकाल ठरतो. म्हणून कोणताच एक प्राणी माणसाच्या जागी उभा करता येत नाही. उंदीर, हॅमस्टर, ससा, माकड आणि वटवाघूळ यांची उत्तरे जिथे एकमेकांशी जुळत नाहीत, तिथेच खरे शिकायला मिळते.

प्राणी मुळात लागतात कशाला, हे आधी पाहू. जत किंवा आटपाडी तालुक्यातल्या एखाद्या गावात मूल तापाने फणफणते, उलट्या होतात, झटके येतात, शुद्ध हरपते. ‘मिरजेला न्या’ असे कोणीतरी म्हणते आणि मूल मिरजेच्या रुग्णालयात पोचते. तिथले डॉक्टर पाठीचे पाणी काढतात, मेंदूचा स्कॅन करतात, मेंदूची सूज उतरवण्याची आणि झटके थांबवण्याची औषधे देतात. तोवर विषाणूचे बहुतेक काम होऊन गेलेले असते. ताप चढण्याआधी तो रक्तात किती दिवस होता, मेंदूच्या कोणत्या भागात प्रथम उतरला, आधी पेशी मेल्या की आधी सूज आली, हे जिवंत माणसात पाहता येत नाही. मृत्यूनंतर मेंदू तपासला तर दिसतो तो फक्त शेवट. सुरुवात आणि शेवट यांच्या मधला काळ दिवसादिवसाने पाहायचा तर ज्याला कधी आणि किती विषाणू दिला हे ठाऊक आहे असा जीव हवा. प्रयोगातला प्राणी हा असा मधला काळ दाखवतो.

आपल्या सातारा-सांगलीच्या भागाला या शास्त्राची ओळख फार जुनी आहे. फक्त ती ओळख म्हणून कोणी सांगितली नाही. पिसाळलेला कुत्रा चावला की बेंबीभोवती १४ इंजेक्शने, ही आठवण माण-खटावपासून शिराळ्यापर्यंत जुन्या पिढीतल्या कोणालाही विचारा. त्या इंजेक्शनात काय होते, हे घेणाऱ्याला क्वचितच माहीत असे. पाश्चरने १८८५ मध्ये पॅरिसला रेबीजची पहिली लस दिली ती सशांच्या पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून. विषाणू एका सशाच्या मेंदूतून दुसऱ्याच्या, दुसऱ्यातून तिसऱ्याच्या मेंदूत असा नेत नेत त्याने त्याची चाल इतकी बांधून घेतली की टोचल्यानंतर ससा किती दिवसांनी आजारी पडेल, हे जवळपास नेमके सांगता येई. मग मेलेल्या सशाचा मज्जारज्जू कोरड्या हवेत वाळवून विषाणू दुबळा केला जाई. भारतात १९११ मध्ये डेव्हिड सेंपल यांनी कसौलीला यात बदल केला : रेबीजने मेलेल्या मेंढीचा मेंदू घोटून, फिनॉलने विषाणू मारून लस तयार केली. पोटात टोचली जाणारी होती ती ही. तिने असंख्य माणसे वाचवली, आणि काहींना लकवाही दिला.

हा लकवा रेबीजचा नव्हता. मेंढीच्या मेंदूतले, मज्जातंतूंवरचे मायेलिन नावाचे आवरण लशीबरोबर माणसाच्या अंगात जाई, आणि काहींचे शरीर त्या परक्या मायेलिनवर चालून जाताना स्वतःच्या मायेलिनवरही तुटून पडे. हे खरेच असे घडते का, हे पाहण्यासाठी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टॉमस रिव्हर्स यांनी १९३३ मध्ये माकडांना निरोगी सशाचा मेंदू पुन्हा पुन्हा टोचला. कोणताही विषाणू नसताना माकडांना लकवा झाला आणि त्यांच्या मेंदूत मायेलिन गळालेले दिसले. मेंदूला सूज यायला विषाणू लागतोच असे नाही, शरीराचा स्वतःचा प्रतिकारही पुरतो, हे त्या माकडांनी पहिल्यांदा स्पष्ट दाखवले. भारतात मेंढीच्या मेंदूची लस या शतकाच्या पहिल्या दशकात बंद झाली आणि पेशींत वाढवलेल्या लशी आल्या. पण मेंदूची हानी करणारा कोण, विषाणू की प्रतिकार, हा तिने उभा केलेला प्रश्न पुस्तकभर आपली सोबत करील.

त्याआधी वाटांची गोष्ट. मेंदूभोवती रक्तवाहिन्यांची विशेष घट्ट वीण असते; रक्तातले बरेच काही ती आत जाऊ देत नाही. तरी विषाणू आत जातात. रेबीज रक्ताच्या वाटेला फारसा जातच नाही. चाव्याच्या जागी तो मज्जातंतूत शिरतो आणि त्याच तंतूतून वर सरकतो. १८८९ मध्ये इटालियन संशोधकांनी पायात रेबीज टोचण्याआधी त्या पायाचा मोठा मज्जातंतू कापून टाकला, तेव्हा रोग वर चढू शकला नाही. पायाला चावलेल्यापेक्षा तोंडाला चावलेल्याला घाई का करावी लागते, याचे उत्तर त्या कापलेल्या तंतूत आहे. चावल्यावर जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची, या साध्या सल्ल्यामागेही तीच वाट आहे : तंतूत शिरण्याआधी विषाणू धुऊन काढायचा.

निपाला दोन वाटा ठाऊक आहेत. पहिली रक्ताची. २००३ मध्ये सोनेरी हॅमस्टरवर झालेल्या प्रयोगांत पोटात किंवा नाकात विषाणू दिला गेला. थोड्याच दिवसांत हॅमस्टर डुगडुगू लागले, तोल जाऊ लागला, अंग थरथरले, पाय लुळे पडले, श्वास जड झाला. मेंदू उघडून पाहिला तेव्हा बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात सूज, पेशी एकमेकींत मिसळून झालेल्या मोठ्या पेशी, गुठळ्या, आणि त्यांच्या आसपासचे चेतापेशींचे तुकडे रक्ताविना मरू लागलेले दिसले. फुप्फुसे आणि मूत्रपिंडांतही विषाणू होता. मलेशियात दगावलेल्या माणसांच्या मेंदूतले चित्र हेच होते. दोन वर्षांनी, २००५ मध्ये, याचे कारण कळले : निपा ज्या प्रथिनाला धरून पेशीत शिरतो ते एफ्रिन-बी२ रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर आणि चेतापेशींवर, दोन्हींवर असते. म्हणूनच निपाचा मेंदूज्वर एकाच वेळी रक्तवाहिन्यांचा आणि मेंदूचा आजार असतो.

दुसरी वाट नाकाची. २०१२ मध्ये हॅमस्टरांवरच दिसले की नाकात गेलेला निपा वासाच्या मज्जातंतूंना पकडून, नाकाच्या छतातल्या चाळणीसारख्या हाडातून, थेट मेंदूच्या वास ओळखणाऱ्या भागात पोचतो. या वाटेला रक्ताची गरजच नसते. मात्रेचाही फरक पडतो : भरपूर विषाणू दिला तर हॅमस्टर आधी श्वासाच्या त्रासाने मरतात, थोडा दिला तर फुप्फुसे तग धरतात आणि आजार मेंदूकडे वळतो. माणसांच्या साथींतही कुठे खोकला आणि धाप ठळक, कुठे गुंगी आणि झटके ठळक, असे दिसले आहे. त्याचे एक संभाव्य कारण हॅमस्टरांनी पुढे केले.

आता उंदरांकडे या. सुदृढ प्रौढ उंदराला निपा टोचला तर तो जवळपास आजारीच पडत नाही. पण इंटरफेरॉन या प्रतिकाराच्या पहिल्या फळीला प्रतिसादच न देणारा उंदीर मुद्दाम पैदा केला, तर तोच विषाणू त्याला मारतो. उंदराचे शरीर मुळातच निपाला दाराशी अडवत होते, हे त्यातून कळले. साधा उंदीर निपावरच्या औषधाच्या चाचणीसाठी निरुपयोगी ठरतो आणि तरी महत्त्वाची बातमी देऊन जातो.

वयाचा मुद्दा महाराष्ट्राला फार जवळचा आहे. पुण्याची संस्था १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू केली. १९७८ पासून ती राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणून ओळखली जाते. त्या काळी अनोळखी विषाणू पकडण्याचे मुख्य साधन होते उंदराचे तान्हे पिल्लू. रोग्याचे रक्त किंवा डासांचा अर्क पिल्लाच्या मेंदूत टोचायचा आणि पिल्लू दूध सोडते का, सुकते का, मागचे पाय ओढते का हे पाहायचे. १९६५ मध्ये नागपूरला तापाच्या साथीतल्या रुग्णांच्या रक्तातून या संस्थेत एक नवा विषाणू वेगळा झाला. त्याला चांदीपुरा नाव मिळाले. त्या वेळी तो किरकोळ तापाचा विषाणू मानला गेला. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात त्याच विषाणूने ३२९ मुलांना मेंदूज्वर दिला आणि १८३ मुले मरण पावली, बरीचशी आजारपणाच्या पहिल्या एकदोन दिवसांतच. विदर्भ आणि गुजरातनेही तो पाहिला. २०२४ मध्ये गुजरातेत तो पुन्हा आला. उंदरांत मात्र या विषाणूने वयाचा पाढा आधीच म्हणून दाखवला होता : तान्ह्या पिल्लाच्या अंगात टोचला तर तो मेंदूपर्यंत जातो, मागचे पाय लुळे पडतात, पिल्लू मरते, वाढलेल्या उंदराच्या अंगात टोचला तर उंदीर तरतो, पण त्याच उंदराच्या थेट मेंदूत टोचला तर मरतो. प्रौढ मेंदू काही अभेद्य नव्हता. त्याच्यापर्यंत जाणारा रस्ता वयाबरोबर बंद झाला होता. चांदीपुरा मोठ्यांना सोडून मुलांनाच का गाठतो, या कोड्याची एक बाजू इथे दिसते.

मग हानी कोण करतो? जपानी मेंदूज्वर हा यासाठी चांगला धडा आहे. भाताच्या खाचरांत वाढणाऱ्या क्यूलेक्स डासांतून, डुकरे आणि बगळ्यांच्या रक्तातून फिरणारा हा विषाणू चेतापेशी मारतोच. पण हरियाणात मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात अनिर्बन बसू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांत दाखवले की मेंदूतल्या रखवालदार पेशी, मायक्रोग्लिया, खवळल्या की त्या सोडतात त्या रसायनांनी विषाणू न लागलेल्या शेजारच्या चेतापेशीही मरतात. मिनोसायक्लिन हे जुने, स्वस्त औषध मायक्रोग्लियांना शांत करते. ते दिलेले उंदीर जास्त वाचले. पुढे लखनौला मेंदूज्वराच्या रुग्णांवर या औषधाची रीतसर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले, आणि उंदरांत जितका लाभ दिसला तितका माणसांत दिसला नाही. उंदराला औषध विषाणू टोचल्यानंतर ठरलेल्या वेळी मिळते. रुग्ण येतो तो कधी चौथ्या दिवशी, कधी बेशुद्धीत, आणि त्याचा मेंदूज्वर कोणत्या विषाणूचा हेही अनेकदा ठरलेले नसते. हा अनुभव मी पुस्तकात मुद्दाम सविस्तर घेतला आहे, कारण उंदरातल्या यशाची बातमी वाचून आशा लावणाऱ्या वाचकाला तो माहीत असला पाहिजे.

रेबीजचा धडा याच्या नेमका उलटा आहे. रेबीजने मेलेल्या प्राण्याचा मेंदू पाहिला तर जीव घेणाऱ्या आजाराच्या मानाने सूज आणि मोडतोड आश्चर्य वाटावे इतकी कमी असते. चेतापेशी जागच्या जागी असतात, त्यांचे काम बिघडलेले असते. १९०३ मध्ये नेग्री यांनी ओळखलेले ठिपके तेवढे त्यांच्यात दिसतात. उंदरांवर पाहिले तर सौम्य केलेला रेबीज विषाणू मेंदूभोवतीची वीण सैल करवतो, प्रतिकाराच्या पेशी आत येतात आणि उंदीर वाचतो. रस्त्यावरच्या कुत्र्याकडून येणारा तीव्र विषाणू ती वीण घट्टच राहू देतो. रक्तात प्रतिपिंडे असली तरी आत शिरत नाहीत, आणि प्राणी मरतो. जपानी मेंदूज्वरात प्रतिकाराचा अतिरेक मारतो, रेबीजमध्ये त्याची अनुपस्थिती. मेंदूज्वर म्हटले की सूज उतरवा, हा एकच उपाय सगळ्यांना का लागू पडत नाही, हे या दोन रोगांतल्या उंदरांनी शिकवले.

आणि वटवाघूळ? ऑस्ट्रेलियात मोठ्या फळवटवाघळांना प्रयोगशाळेत निपा देऊन पाहिला. ती आजारी पडली नाहीत; त्यांच्या अंगात प्रतिपिंडे तयार झाली, एखाद्याच्या लघवीत थोडा विषाणू आला, इतकेच. वटवाघळाचा प्रतिकार विषाणूला आवर घालतो पण स्वतःच्या शरीरात आग लावत नाही, असे गेल्या काही वर्षांतले संशोधन सुचवते. उडताना होणाऱ्या प्रचंड ऊर्जाखर्चाशी जुळवून घेताना त्यांना ही सवय लागली असावी, असा एक तर्क आहे. महाबळेश्वरची वटवाघळे धडधाकट का होती, याचे आजचे सर्वांत चांगले उत्तर हेच. प्रतिपिंडे सापडणे म्हणजे विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती; सातारा जिल्ह्यात माणसाला निपा झाला, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता.

या प्रयोगांची किंमत प्राणी मोजतात, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. भारतात असे प्रयोग १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याखालच्या समितीच्या देखरेखीत होतात. प्राण्यांऐवजी दुसरे काही वापरता येते का, कमी प्राण्यांत भागते का, वेदना कमी करता येतात का, ही त्रिसूत्री रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडली आणि आज ती जगभर मानली जाते. निपासारख्या विषाणूला तर बंदिस्तीची सर्वांत वरची, चौथी पातळी लागते. पुण्यात पाषाणला ती सोय २०१२ मध्ये झाली. पेशींवरच्या आणि संगणकावरच्या पद्धतींनी प्राण्यांची गरज घटते आहे, पण नाकातून मेंदूपर्यंतची वाट अजून तरी नाक आणि मेंदू असलेल्या जिवातच पाहावी लागते. त्या बदल्यात मिळाले तेही खरे आहे. एम१०२.४ हे प्रतिपिंड फेरेट आणि आफ्रिकी हिरव्या माकडांत निपा आणि त्याचा भाऊबंद हेंड्रा यांना रोखते, असे दिसले. ते ऑस्ट्रेलियात हेंड्राशी संपर्क आलेल्या माणसांना दिले गेले, आणि केरळनेही २०१८ मध्ये मागवले.

पुस्तक शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला जसे उपयोगी पडावे, तसे मिरजेतल्या निवासी डॉक्टरला, आणि तसेच कधी पेशंट, कधी पेशंटचे नातेवाईक असणाऱ्या आपल्यासारख्या कोणालाही. प्रकरणे वाटांच्या क्रमाने लावली आहेत : चावा, डास, नाक, रक्त. घाई असेल त्याने रेबीजचे प्रकरण आधी वाचावे, कारण सातारा-सांगलीत आज सगळ्यांत जास्त उपयोगाचे तेच आहे. कुत्रा चावला तर जखम धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. वटवाघळाने उष्टावलेले फळ खाऊ नका, गुहांना आणि वळचणीला धुरी देऊ नका, कारण हुसकावलेली वटवाघळे नवी जागा शोधताना माणसांच्याच जवळ येतात. यातल्या प्रत्येक सल्ल्यामागे कुठल्यातरी प्राण्यात दिसलेले काहीतरी आहे. ते काय आहे, हे ठाऊक असणाऱ्याला सल्ला पाळायला सांगावे लागत नाही, आणि पुढची बातमी आली की घाबरायचे किती, हेही त्याला स्वतःच ठरवता येते.